वजाबाकीत उरलेली माणसं

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय मोठा भारदस्त छापलाय: ‘युद्धसाहित्यातील सैनिक: महाभारत ते हेमिंग्वे’. एवढा पल्ला पाऊण तासात गाठायचाय, आणि त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. मे महिन्यात शाल मिळाली. तक्रार नाही, नुसती नोंद. पुढच्या दोन रांगांत माजी सैनिक बसलेत. सातारा जिल्ह्यात येऊन या विषयावर बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारी समजावून सांगण्यातला प्रकार आहे. तरी तुम्ही ऐकायला आलात.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना मिळालेला तो निरोप आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलाय. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल: विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा कोणत्या, यावर इतिहासाचे अभ्यासक अजून भांडतात, भांडोत बापडे. खुर्द्याचं कुणी विचारत नाही. निरोप लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला सावकारी भाषेत, घाईघाईत, वाईट बातमी कळवायची होती. माझा राग आपल्यावर आहे. १७६१ नंतर आपण कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली, आणि हिशेबाची पद्धत तीच ठेवली. मोत्यांना कादंबरी, मोहरांना पोवाडा.

आता दुसरा हिशेब बघा. सातारा, रत्नागिरी या भागांत गावोगाव एक दगडी पाटी दिसते. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे देवळापाशी, कुठे एसटी थांब्यामागे आणि तिच्यावर कुणीतरी कपडे वाळत घातलेले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बसवलेली. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, दोन आकडे फक्त. आपल्या आपशिंग्याला लोक मिलिटरी आपशिंगे म्हणतात. तिथले त्या युद्धात ४६ जण कामी आले असं सांगतात. तिकडे इराकात बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हजारो हिंदी शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा टाकला. हे चुकलं, असं त्या स्मारकांचं काम पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली अहवालात कबूल केलं. उशिरा का होईना.

पण माझं घोडं दुसरीकडेच अडलंय. पाटीवर गेले किती आणि मेले किती एवढंच आहे. गेले वजा मेले, म्हणजे जे परत आले, तो आकडा कुठेच कोरलेला नाही. पाटीपुढे उभं राहून ती वजाबाकी आपण करायची. माझं म्हणणं एवढंच आहे की युद्धावरचं जे साहित्य टिकलं, ते बहुतेक या वजाबाकीत उरलेल्या माणसांचं आहे. आणि मराठीत त्याचा दुष्काळ आहे.

अशाच एका पाटीच्या गावात मला एका घरी एका आजोबांची हकिकत कळली. गावाचं नाव सांगत नाही, घर ओळखू येईल. नातवाने सांगितली, तोही तेव्हा पासष्टीचा. आजोबा इराकातल्या कुटला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, तैग्रिस नदीच्या वळणावर सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी त्यात होत्या. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे मारून खायची पाळी आली. हिंदी शिपाई खाईनात. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली, ती आलीही, तरी पुष्कळांनी तोंडाला लावलं नाही. परवानगी देणारा इकडे दोन वेळ जेवत होता आणि खाणाऱ्याला पुढे गावात तोंड दाखवायचं होतं. २९ एप्रिलला शरणागती झाली. तेराएक हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, वाळवंटातून पायी. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेली.

आजोबा परत आले. १९१९ साली, घरच्यांनी आशा सोडल्यानंतर. आणि गावाने त्यांना एकच प्रश्न विचारला: घोडा खाल्लास का? (हशा.) हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. पण नातू सांगत होता, पारावर, लग्नात, पंगतीत पान मांडलं की कुणीतरी विचारायचंच. पोरंटोरं मागून खिंकाळायची. भावकीने शुद्धीचं काढलं, कुणीतरी ते मोडून काढलं, पण पंगतीत त्यांच्या शेजारचं पान उशिरा भरायचं. आजोबा शेवटपर्यंत ‘हो’ म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत. जेवताना डावा हात ताटाभोवती धरून बसायचे. पेन्शन घ्यायला तालुक्याला जाताना टांग्यात बसायचे नाहीत, चालत जायचे. यावरून गावाने काय ते ताडलं. वाळवंटात काय झालं, बरोबरची पोरं कुठे पडली, हे मात्र एकाही माणसाने विचारलं नाही. मी नातवाला म्हटलं, तुम्ही विचारलंत? तो म्हणाला, ‘मास्तर, मी पण घोड्याचंच विचारलं होतं.’

यावर कुणीतरी कादंबरी लिहावी असं मी गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्या लेखकाला सांगतोय. ते म्हणतात, छान आहे, पण यात लढाई कुठे आहे?

हा ‘लढाई कुठे आहे’चा आजार जुना. मी एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जात असे. युद्धावरची एकांकिका दर वर्षी असायचीच, आणि तिच्यात शेवटी जवान मरायचाच. आई पत्र वाचतेय, मागे निळा प्रकाश, बासरी. एका विद्यार्थ्याने वेगळी लिहिली: जवान सतरा वर्षं नोकरी करून घरी येतो, एटीएमबाहेर रखवालदार म्हणून लागतो, आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की आत जाऊन दार लावून घेतो. बस, एवढंच. बाकीचे परीक्षक म्हणाले, नाट्य नाही. मी भांडलो, हरलो. पहिलं बक्षीस बासरीला गेलं. मेलेला जवान आपल्याला सोयीचा पडतो. तो काही मागत नाही. कुसुमाग्रजांचे सात वीर दौडले ते परत येत नाहीत, त्या कवितेला दुसरा शेवट चाललाच नसता, आणि ती मला तोंडपाठ आहे. पण नुसत्या तेवढ्यावर साहित्याचं कसं भागेल? आपली जी थोर कादंबरी ‘रणांगण’, तीत रणांगण नाही, शिपाईही नाही. निर्वासितांनी भरलेली बोट आहे. तीही खरं तर युद्धाच्या उरलेल्या माणसांचीच गोष्ट. हा मुद्दा मला सविस्तर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं. म्हणजे आता मुख्य विषय. (हशा.)

महाभारत. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, मेले किती? युधिष्ठिर आकडा देतो: एकशे सहासष्ट कोटी वीस हजार. आणि ज्यांचा पत्ता नाही असे २४,१६५. इतक्या कोटींच्या राशीत हा शेवटचा पाच कुणी मोजला असेल? धृतराष्ट्राचा पुढचा प्रश्न मेलेले कुठल्या लोकात गेले, असा आहे. बेपत्ता लोकांचं पुढे कुणी विचारत नाही. त्यांचा सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून जणू अश्वत्थामा राहिला. सौप्तिकपर्वात झोपलेल्या माणसांना मारून आलेला, कपाळावरचा मणी काढून दिलेला. नर्मदेच्या परिक्रमेतले लोक अजून सांगतात, जखमेला तेल मागत फिरतो म्हणून. व्यासांनी त्याला मरू दिलं नाही. आणि जिंकलेला युधिष्ठिर? त्याला राज्य नकोय, वनात जायचंय. अख्खं शांतिपर्व त्याला समजावण्यात जातं.

हिंदीत गुलेरींची ‘उसने कहा था’, १९१५. मंडळी, युद्ध चालू असताना लिहिलेली! आघाडीवरच्या लहनासिंह या शीख जमादाराचं बालपण, त्याने दिलेला शब्द, सगळं आपण वाचतो आणि शेवटी वर्तमानपत्रातली मृतांच्या यादीतली एक ओळ येते. ती ओळ लिहून गुलेरी थांबतात. खुर्द्यातला एक पैसा उचलून दाखवला त्यांनी.

इंग्रज कवी ओवेन. १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या इस्पितळात मनाने मोडलेल्या सैनिकांत राहिला, बरा होऊन परत आघाडीवर गेला, ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. आईला तार मिळाली ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. ही गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगितली. पण त्याची चाकांच्या खुर्चीतल्या पाय गेलेल्या पोरावरची कविता वाचा. बायकांची नजर त्याच्यावरून सरकून धडधाकट पुरुषांकडे जाते, एवढंच त्याला दिसतं. जर्मन लेखक रेमार्कच्या महायुद्धावरच्या कादंबरीतला शिपाई पाउल रजेवर घरी येतो. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्यात. तो आपल्या खोलीत जुन्या पुस्तकांपुढे बसतो आणि ती त्याच्याशी बोलत नाहीत. नाझींनी ही कादंबरी १९३३ मध्ये जाळली. तोफांच्या वर्णनापेक्षा ही रजा त्यांना जास्त झोंबली असावी, असा माझा आपला अंदाज.

चिठ्ठी पुन्हा आली, आता नुसतं उद्गारचिन्ह आहे. हेमिंग्वे, दोन मिनिटांत. १९२५ च्या संग्रहातली गोष्ट. क्रेब्ज नावाचा पोरगा महायुद्धातून अमेरिकेत ओक्लाहोमातल्या आपल्या गावी उशिरा परततो. मिरवणुका होऊन गेलेल्या. लोकांनी इतकं भयंकर ऐकून ठेवलंय की खऱ्याला चव नाही. म्हणून तो थोडं थोडं खोटं सांगू लागतो, आणि मग आपल्याच खऱ्या आठवणी त्याला नकोशा होतात. आई विचारते, तुझं माझ्यावर प्रेम नाही का रे? तो म्हणतो, नाही. ती रडते, तो सावरून घेतो, ती गुडघे टेकून प्रार्थना करते आणि त्याला ती करता येत नाही. शेवटी तो धाकट्या बहिणीचा खेळ बघायला शाळेच्या मैदानावर जायचं ठरवतो. संपली गोष्ट. लढाई कुठे आहे? नाट्य नाही म्हणणाऱ्या त्या परीक्षकांना मी ही गोष्ट झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवली होती. पोच आलेली नाही.

थांबतो. दुसऱ्या रांगेतले सुभेदारसाहेब मघापासून हात वर करून बसलेत, मी आपशिंग्याचा आकडा सांगितला तेव्हापासून. अध्यक्षांची हरकत नसेल तर माईक आधी त्यांच्याकडे द्या, आभार नंतर मानू.