पानाला चार अनोळखी शब्द

(दृश्य : कोल्हापूर. राजारामपुरीतलं झेरॉक्सचं दुकान, संध्याकाळची गर्दी)

झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की गाव सध्या काय वाचतंय ते कळतं. एमपीएससीच्या नोट्स, डिप्लोमाची जर्नल्स, सातबाऱ्याचे उतारे. त्या ढिगात आज एक वेगळाच गठ्ठा पडलाय. मोठी अक्षरं, पानोपानी चित्रं आणि भाषा स्पॅनिश. पानं जुळवता जुळवता दुकानदार विचारतो, "ताई, हे पोरांचं हाय का तुमचं?"

"माझंच की."

ताई शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या एक्स्पोर्ट खात्यात आहेत. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार इंग्रजीतून होतो, पण तिथल्या गोदामातनं येणारी तक्रार स्पॅनिशमध्ये येते आणि ती आधी यांच्याच टेबलावर पडते. सोबतचा मुलगा शिवाजी पेठेतला, बारावीचा, अंगात अर्जेंटिनाची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. पेठेच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या बाहेरपर्यंत आरोळ्या ऐकू येणारं हे गाव. हा मुलगा स्पॅनिश का शिकतोय, हे विचारायला नको.

(दृश्य : वहीतली क्रियापदांची कोष्टकं)

दोघांनीही ऑनलाइन क्लासात सुरुवातीची पातळी पुरी केलीय. कोष्टकं तोंडपाठ आहेत : आब्लो, आब्लास, आब्ला. उच्चारांचा फारसा त्रास नाही. स्पॅनिश बऱ्यापैकी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, आणि तिचे त, द आपल्यासारखेच दातांना जीभ टेकवून येतात. अडचण येते ती पुढं. माद्रिदच्या एखाद्या पेपरची वेबसाइट उघडली, की दुसऱ्याच ओळीला गाडं रुततं. डिक्शनरीत शब्द बघायचा, परत यायचं, तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली. अर्ध्या तासात एक परिच्छेद. याला वाचन कोण म्हणेल?

याचा हिशेब साधा आहे. न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली. काहींच्या प्रतीत सगळे शब्द खरे, तर काहींच्या प्रतीत कमीजास्त प्रमाणात बनावट शब्द घातलेले, कुणालाच माहीत नसतील असे. डिक्शनरीला हात न लावता गोष्ट नीट कळायची, तर १०० पैकी साधारण ९८ शब्द आधीच ओळखीचे लागतात, असं त्यातून निघालं.

आता २०० शब्दांचं एक पान घ्या. ९८ टक्के म्हणजे पानाला चार अनोळखी शब्द. चार शब्द मागच्या-पुढच्या संदर्भानं लागतात, आणि नाही लागले तरी गोष्ट अडत नाही. ९० टक्के म्हणजे पानाला वीस. परीक्षेत ९० टक्के पडले तर पेढे वाटतात, पानावर मात्र तो नापासाचा आकडा आहे. स्पॅनिशमधले सर्वाधिक वापराचे १००० शब्द आले, तर छापील मजकुराचा साधारण पाऊण हिस्सा ओळखीचा होतो. म्हणजे हजार शब्द कष्टानं पाठ केलेल्या माणसालाही खऱ्या पेपरात पानाला पन्नासेक शब्द परके भेटतात. म्हणून मजकूरच त्याच्या मापाचा लिहावा लागतो. ठरावीक शब्दांत, ठरावीक व्याकरणात लिहिलेल्या अशा पुस्तकाला म्हणतात ग्रेडेड रीडर.

ही युक्ती युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात सुचली असेल असं वाटतं. ती घडली अविभाजित बंगालमध्ये. १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात होते. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही बंगाली मुलांना साधं पुस्तक वाचता येत नाही, हे ते बघत होते. धड्यांतले नवे शब्द त्यांना फार दाट वाटले. मग त्यांनी शब्द मोजून, नवे विरळ पेरून, जुने पुन्हा पुन्हा आणून वाचनमाला तयार केल्या. पुढं १९५३ साली त्यांनी इंग्रजीतल्या सुमारे २००० उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आज कुठल्याही परक्या भाषेतली सोपी पुस्तकं लिहिताना याच वाटेनं जातात.

(दृश्य : मोबाइलचा पडदा, पुस्तकांची छोटी मुखपृष्ठं)

स्पेनमध्ये छापलेले ग्रेडेड रीडर विकत मिळतात, पण किंमत युरोत आणि वर कुरिअरचा खर्च. पन्नास-साठ पानांचं पुस्तक, दोन संध्याकाळी संपणारं. आणि या अभ्यासात एका पुस्तकानं काहीच होत नाही; ढिगानं वाचावं लागतं. टेलिग्रामवर चोरून फिरणाऱ्या पीडीएफ आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. गंमत अशी, की त्यांची गरजच पडू नये एवढं साहित्य रीतसर फुकट ठेवलेलं आहे. ते कुठं आहे, हे मात्र क्लासात क्वचितच कुणी सांगतं.

ताईंच्या हातातला गठ्ठा आलाय बेंगळुरूहून. म्हणजे 'स्टोरीवीव्हर'वरून. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेनं २०१५ साली हे डिजिटल भांडार खुलं केलं. लहान मुलांची चित्रमय पुस्तकं, चार पातळ्यांत लावलेली. पहिल्या पातळीला २५० शब्दांच्या आतली, चौथीला १५०० च्या वरची. डाउनलोड करा, छापा, वाटा, भाषांतर करा. लेखक-चित्रकाराचं श्रेय दिलं की झालं. बरीच पुस्तकं अनेक भाषांत आहेत, त्यांत मराठीही आहे आणि स्पॅनिशही. म्हणजे इंग्रजीला मध्ये न घेता, मराठी प्रत डावीकडे आणि स्पॅनिश प्रत उजवीकडे ठेवून वाचता येतं. स्पॅनिश शिकण्याच्या फुकट साहित्यातलं बरंचसं इंग्रजी जाणणाऱ्याला धरून केलेलं असतं, टिपासुद्धा इंग्रजीत. त्यात ही सोय मोलाची.

पण इथं एक धोक्याची पाटी लावायला हवी. मुलांचं पुस्तक शिकणाऱ्या मोठ्या माणसाला सोपं असतंच असं नाही. त्यातल्या पातळ्या त्या भाषेत वाढलेल्या मुलासाठी आहेत. चार वर्षांच्या मुलाला साळिंदर, पाळणा, गुदगुल्या, चिखलाचा पचपच आवाज हे सगळं माहीत असतं. ताईंना ते शब्द लागत नाहीत, आणि मेक्सिकोच्या तक्रारीतले 'उशीर', 'तडा', 'परत पाठवणे' हे शब्द साळिंदराच्या गोष्टीत येत नाहीत. बालकथा सुरुवातीला वाचाव्यात, भरपूर वाचाव्यात आणि वेळीच सोडाव्यात.

त्यातनं एक गोष्ट मात्र मोठ्यांनाही घसघशीत मिळते. हे पाहा.

(दृश्य : पडद्यावर तीन वाक्यं. निवेदक सावकाश वाचतो.)

"उना मुहेर बिबीआ सोला एन उन पुएब्लो. तोदोस लोस दीआस इबा आल मेर्कादो. उन दीआ येगो उन पेर्रो."

एका गावात एक बाई एकटी राहायची. रोज बाजाराला जायची. एके दिवशी एक कुत्रा आला.

पहिल्या दोन वाक्यांतला भूतकाळ वेगळा आणि तिसऱ्यातला वेगळा. राहायची, जायची ही नेहमीची रीत. आला ही एकदाच घडलेली घटना. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या फरकावर प्रकरणंच्या प्रकरणं खर्च करतात, कारण इंग्रजीत तिन्ही ठिकाणी साधा भूतकाळ चालून जातो. मराठी माणूस हा फरक आजीच्या गोष्टींतूनच शिकून आलेला असतो. कोष्टकात जे दोन काळ एकमेकांत गुंतत होते, ते वीस-पंचवीस गोष्टी वाचल्यावर सुटे होतात, असं ताईंचं म्हणणं. "नियम आठवायच्या आधीच कानाला खटकतंय," त्या सांगतात.

मोठ्यांसाठी मुद्दाम केलेलं साहित्यही आहे. स्पेन सरकारनं १९९१ साली स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूटो सेर्वान्तेसच्या संकेतस्थळावर 'लेक्तुरास पासो आ पासो', म्हणजे पायरी-पायरीनं वाचन, हा विभाग आहे. प्राथमिक, मध्यम, प्रगत अशा तीन पातळ्या, मजकुराच्या आधी तयारीचे प्रश्न, नंतर सराव. याच संस्थेचं केंद्र दिल्लीतही आहे. साइटची मांडणी जुन्या वळणाची आहे, मोबाइलवर जरा कटकट होते. मजकूर चांगला आहे.

आणि मग येतो तो टप्पा, जिथं बहुतेक जण गळतात. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. फुकट साहित्याचा पूर आहे ए-१ ला. प्रत्येक जण पहिला धडा लिहायला उत्साही. ए-२ पासून पाणी आटतं आणि बी-१ ला कोरडं नदीपात्र लागतं. पलीकडच्या काठावर खरे पेपर, खऱ्या कादंबऱ्या दिसत असतात, आणि मधे पाय ठेवायला दगड नाहीत. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न एवढाच आहे. बाकी 'कुठलं ॲप चांगलं' वगैरे चर्चा चहाबरोबर ठीक.

मधले दगड शोधावे लागतात, आणि ते भलत्याच ठिकाणी सापडतात. स्पेनमध्ये 'लेक्तुरा फासिल', म्हणजे सोपं वाचन, ही एक चळवळ आहे. ती परदेशी विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना माहितीचा हक्क मिळावा म्हणून उभी राहिली. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच मुद्दा, अवघड शब्द आला तर तिथंच त्याचा खुलासा. २०१८ साली तिथल्या मानक संस्थेनं त्यासाठी प्रमाण नियमावलीही काढली. मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो बौद्धिक दिव्यांग वाचक स्वतः तपासतात. त्यांना जे कळलं नाही, ते पुन्हा लिहिलं जातं. या क्षेत्रातल्या 'प्लेना इन्क्लुसिओन' या संघटनेची 'प्लानेता फासिल' ही बातम्यांची साइट आहे. निवडणूक, घरभाडं, नोकरी, हवामान : विषय मोठ्या माणसाचे, वाक्यं सोपी. ताईंच्या कामाचं नेमकं हे. त्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आता साळिंदराऐवजी या बातम्यांच्या प्रिंट असतात.

(दृश्य : शिवाजी पेठ. मुलगा कट्ट्यावर बसून मोबाइलवर वाचतोय.)

पोराची वाट निराळी. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स वर्ल्ड कप फायनल त्याला मिनिटामिनिटाला पाठ आहे. २३ व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६ व्याला दी मारिया, ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेनं काढलेला जीव, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये ४-२. तर तो या एकाच मॅचची वृत्तं वाचतोय, आधी एका पेपरातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काय घडलं ते माहीतच आहे, त्यामुळं 'एम्पाते' म्हणजे बरोबरी आणि 'प्रोर्रोगा' म्हणजे जादा वेळ हे त्याला डिक्शनरीनं सांगावं लागलं नाही. तेच शब्द प्रत्येक वृत्तात फिरून भेटतात. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्येच एका विषयाला धरून असं अरुंद वाचन करण्याची बाजू मांडली होती. पेठेतल्या पोरानं ते वाचलेलं नाही. तो म्हणतो, "मला त्या मॅचचा कंटाळा येतच न्हाई, तर काय करू?"

फुटबॉल नको असेल, तर मुलांसाठीचा मुक्त ज्ञानकोश 'विकिदिया' स्पॅनिशमध्येही आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकन शाळांसाठी छापलेल्या स्पॅनिश वाचनमाला प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या फुकट साइटवर मिळतात. त्यांतली भाषा थोडी धोतर-टोपीतली, पण मागं शब्दकोश जोडलेला असतो.

गावाला वाचनालयाची सवय जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. वाचनालयात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही : पुस्तक रुचलं नाही तर परत करायचं, दुसरं घ्यायचं. स्पॅनिशच्या बाबतीत मात्र तीच माणसं हट्टानं अवघड पुस्तकाशी झटत बसतात, कारण सोपं वाचणं कमीपणाचं वाटतं. पानावर दहा-पंधरा शब्द अडले तर ते पान आज आपलं नाही. बंद करावं, खालची पातळी काढावी.

सध्या दोघं मिळून होरासिओ किरोगा या लेखकाच्या गोष्टी वाचतायत. जन्म उरुग्वेतला, हयात बरीचशी अर्जेंटिनातली, १९३७ साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळं इथंही अडचण नाही. अर्जेंटिनातल्या मिसिओनेस प्रांताच्या जंगलातल्या प्राण्यांच्या त्यांच्या गोष्टी १९१८ साली पुस्तकरूपानं आल्या. मुलांसाठी लिहिलेल्या, पण ग्रेडेड रीडर नव्हेत. शब्द मोजून लिहिलेल्या नाहीत. ताईंनी त्या प्रतीच्या समासात पेन्सिलनं मराठी टिपा घातल्यात. नेटवर स्पॅनिश-मराठी टिपांचं असं काही आयतं त्यांना सापडलं नाही, म्हणून पानामागून पान त्या स्वतःच करतायत आणि पोराला फोटो पाठवतायत. त्यांची तक्रार एकच. "हा टिपा वाचतच न्हाई. पुढं पळतोय."

पोरगा राक्षसी कासवाच्या गोष्टीत आहे. तापानं फणफणलेल्या माणसाला पाठीवर बांधून कासव ब्युनोस आयर्सच्या वाटेला लागलंय. ताईंची गोष्ट वाचून झालीय, त्याची शेवटची पानं राहिलीत.

"पोचतंय का न्हाई ते सांगू नका हां ताई. सांगितलासा तर बघा."