घर भाड्याने दिले, पण अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, राजारामपुरीत किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्या घरमालकांशी मला आज बोलायचे आहे. अकरा महिन्यांचा करार झाला, आता आत काय होईल ते भाडेकरू बघून घेईल, ही समजूत आपल्याकडे सर्रास आढळते आणि ती धोक्याची आहे.

समजा, एखादा विद्यार्थी व्हॉट्सअॅपवर कळवतो, ‘काका, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’ काका ‘बघतो’ म्हणतात आणि विषय मागे पडतो. पुढे विजेचा धक्का बसून कोणी दगावले, तर तो संदेश आणि ते उत्तर तारीख-वेळेसह पुराव्यात येते. धोका मालकाला ठाऊक होता का, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळला असता का, आणि कळल्यावर त्याने काय केले, या प्रश्नांवरच नुकसानभरपाईचा दावा फिरतो. निष्काळजीपणा गंभीर असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा संदेश आला की त्याच क्षणी मेन स्विच बंद करायला सांगा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचे बिल जपून ठेवा.

‘मालक जबाबदार राहणार नाही’ हे कलम करारात घातले, तरी ते रस्त्याने जाणाऱ्या माणसाला लागू होत नाही, कारण त्याने करारावर सही केलेली नसते. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळून माणसे मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये स्पष्ट केले की रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालत नाही. पेठेतल्या अरुंद बोळावर झुकलेली लाकडी गॅलरी ज्यांच्या मालकीची आहे, त्यांनी हा निकाल विशेष लक्षात ठेवावा.

दुरुस्तीबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 14 आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर दुरुस्ती मालकाने करायची. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊन वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो.

पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांचे तळमजले पाण्यात होते, त्यांनी भिंती रंगवून ती खोली तशीच भाड्याने देऊ नये. मालकाला माहीत असलेला पण भाडेकरूला सहज न कळणारा मोठा दोष सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 108 म्हणते. मीटरपासून सॉकेटपर्यंतची वायरिंग तपासून घ्या, खोलीत पाणी कुठवर चढले होते ते भाडेकरूला दाखवा आणि ते करारात लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.