दूमा म्हणजे विचार

श्रोतेहो, नमस्कार. 'रशियाच्या ड्यूमाने विधेयक मंजूर केलं' अशी बातमी आपण अधूनमधून ऐकतो. हा 'ड्यूमा' आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला. रशियन माणूस म्हणतो दूमा. द अगदी आपल्या 'दार'मधला. तेव्हा आपणही खुशाल दूमा म्हणावं.

'दूमत्य' म्हणजे विचार करणं आणि दूमा म्हणजे विचार. तोही वरवरचा नव्हे, मनात बराच वेळ घोळवलेला. आपल्या 'दुमत'शी त्याचं नातं नाही, कानाला मात्र तसं वाटतं खरं! शेजारच्या युक्रेनमध्ये कोबझा या तंतुवाद्यावर गायल्या जाणाऱ्या वीरगाथेला दूमा म्हणतात, तर बल्गेरियन भाषेत दूमा म्हणजे साधा 'शब्द'.

मग हा विचार दरबारात कसा शिरला? जुन्या रशियात राजा आपल्या बड्या सरदारांना, म्हणजे बोयारांना, मसलतीला बसवी. ती बोयारांची दूमा. फर्मानात लिहीत, 'झारने हुकूम केला आणि बोयारांनी निवाडा दिला.' विचार सगळ्यांनी करायचा, पण हुकूम एकाचाच.

१९०५ साली लोकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्या ऑगस्टमध्ये झार दुसऱ्या निकोलसने निवडून आलेली दूमा देऊ केली, पण केवळ सल्ला देणारी. लोकांना ते पटलं नाही. देशभर संप झाला, रेल्वे थांबल्या, तेव्हा ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यात त्याला कबूल करावं लागलं की दूमाच्या संमतीशिवाय कायदा होणार नाही. मला या शब्दाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. मसलतीला होकार-नकाराचं बळ आलं.

१९०६ च्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात उद्घाटन झालं. सिंहासनाच्या एका बाजूला जरीकामाचे गणवेश घातलेले दरबारी, समोर लांब डगले आणि जाड बूट घालून आलेले शेतकरी प्रतिनिधी. दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत उभ्या. त्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती. अडीच महिने पुरे व्हायच्या आत झारने ती दूमा बरखास्त केली.

१९१७ च्या क्रांतीनंतर दूमा गेली, सोव्हिएत आली. गंमत म्हणजे 'सोव्हिएत'चा मूळ अर्थही सल्ला, मसलत असाच आहे. पुढे १९९३ च्या राज्यघटनेने जुना शब्द पुन्हा बाहेर काढला. आज मॉस्कोत ४५० सदस्यांचं जे सभागृह भरतं, त्याचं नाव राज्य दूमा.