झाडीपट्टीतली काळी चार

(दृश्य : दुपार. विठ्ठल मंदिराचा सभामंडप. एक मुलगा स्टुलावर चढून घंटेच्या लोलकाला जुनं फडकं गुंडाळतोय.)

इथे गाण्याच्या कार्यक्रमाची तयारी घंटेपासून सुरू होते. दर्शनाला आलेला माणूस घंटा वाजवणारच, त्याला अडवायचं कुणी? आणि घंटेचा सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. म्हणून लोलकाला फडक्याचे चार वेढे, वरून सुतळी.

गाव वैनगंगेच्या खोऱ्यातलं, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजूचं. कार्तिक महिना. काही बांध्यांत धान कापून पडलाय, काही ठिकाणी मळणी चालू आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. नाटकातलं पद म्हणजे काय, हे इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. आज मात्र नाटक नाही. गायन वर्गातली मुलं, कुणी प्रवेशिका परीक्षेची, कुणी मध्यमेची, नुसती नाट्यपदं गाणार आहेत.

(दृश्य : वही. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे 'का. १', 'का. ३', 'का. ४'.)

या वहीत पदांच्या आधी पट्ट्या लिहिल्या आहेत. सगळा कार्यक्रम त्यांवर उभा आहे. काळी एक म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी. वयात आलेल्या मुलांचा षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', बहुधा तिथे बसतो. मुलींचा आणि लहान मुलांचा काळी चारला. पद आवडलं म्हणून निवडलं आणि पट्टी नंतर बघितली, तर अंतऱ्यात, पदाच्या दुसऱ्या भागात, तार षड्जाशी, म्हणजे वरच्या 'सा'शी, गळा अडकतो. मग मुलगी मान वर करते, खांदे उचलते, आणि शब्द ओरडून निघतो. त्यामुळे वर्गात आधी बघतात ते पदाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर. दोन्ही आरामात लागले तरच पद द्यायचं.

अडचण तबल्याची असते. पेटीत सगळ्या पट्ट्या आहेत, तबला मात्र एका वेळी एकाच सुरात. गावात चांगला दायाँ (उजव्या हाताचा तबला) एकच, तोंड सव्वापाच इंचाचं, काळी एकला बोलणारा. प्रत्येक मुलीसाठी तो काळी चारला न्यायचा म्हटलं तर जमत नाही. वर ओढला तर पुडी (तोंडावरचं चामडं) फाटते, खाली उतरवला तर ढब्ब वाजतो. त्याची गरजही नाही. काळी चारला षड्ज धरला, तर काळी एक हा तिचा शुद्ध मध्यम ('म') होतो. काळी तीनला धरला, तर पंचम ('प'). म्हणजे तबल्याला हात न लावता तीन पट्ट्या मिळतात : काळी एकच्या गाणाऱ्याला तो षड्ज देतो, काळी तीनवाल्याला पंचम, काळी चारवाल्याला मध्यम.

पण मध्यमावरचा तबला प्रत्येक रागाला चालत नाही. भीमपलास, बागेश्री, मालकंस यांत मध्यम हे विसाव्याचं ठिकाण आहे, तिथे तो शोभतो. भूपात मध्यमच नाही. यमनात मध्यम तीव्र. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकातली, १९१६ सालची, भास्करबुवा बखल्यांनी बांधलेली यमनातली चाल गाणारी मुलगी काळी चारला बसली, तर तबल्याच्या दर थापेला शुद्ध मध्यम कानावर आदळेल. श्रोत्याला नेमकं काय खुपतं ते सांगता येणार नाही, पण गाणं आंबट लागेल. म्हणून वहीत तिच्या नावापुढे 'का. ३' आहे. एक स्वर उतरून गायचं, तबला आपोआप पंचमाला येतो. उतरल्यावर तिचे खालचे सूर थोडे दबतात, तेवढं सोसायचं.

(दृश्य : तबलजी काका हातोडीने गजऱ्यावर, पुडीच्या विणलेल्या कडेवर, हलकेच ठोकतात. जवळून : लाकडी गट्टे, चामड्याची वादी, मधली काळी शाई.)

जुळवण्याचा क्रम ठरलेला. आधी पेटी, मग तंबोरा, शेवटी तबला. पेटीच्या जिभाळ्या (आतल्या सुराच्या धातूच्या पट्ट्या) ऐन वेळी कानस लावून बदलता येत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. जुनी पेटी मोबाइलमधल्या तंबोऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, बहुतेक वेळा किंचित चढी किंवा उतरलेली असते. ॲपमध्ये सूर बारीक सरकवायची सोय असते, ती वापरायची. आणि फोन एअरप्लेन मोडवर. नाहीतर मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि रिंगटोन साऱ्या गावाला ऐकू जाते.

मंदिरात एक पायपेटीही आहे. पायाने भाता चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि नाट्यपदाला तिचा भरीव आवाज खुलतो. पण हातपेटी आणि पायपेटी एकदम वाजवायच्या नाहीत. दोघींत केसभर फरक असला तरी लांबवलेला सूर थरथरतो, आणि मुलाला वाटतं आपणच बेसूर झालो. एखादी पट्टी मुकी झाली, तर बहुधा जिभाळीखाली धूळ किंवा किड्याचा पंख अडकलेला असतो. झाकण उघडून पातळ कागदाची पट्टी जिभाळीखालून अलगद सरकवायची. सुई घालू नये. जिभाळी वाकली की तिचा सूर गेला.

दुपारी लावलेला तबला रात्री उतरतो. तलाव जवळ आहे, आठ वाजल्यापासून दहिवर पडायला लागतं, चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. थोडा उतार असेल तर गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. जास्त उतरला असेल तर गट्टे खाली सरकवायचे. आठ गट्टे, गजऱ्यावर सोळा घरं. समोरासमोरच्या घरांत सूर सारखा लागेपर्यंत फिरत राहायचं. शेकोटीजवळ तबला नेणारे आहेत, त्यांना काका नेऊ देत नाहीत. शाई तडकते.

(दृश्य : पत्र्याचं छत. फरशीवर सतरंज्या पसरल्या जातात.)

वर पत्रा, खाली फरशी. रिकाम्या मंडपात टाळी वाजवली तर ती दोनदा ऐकू येते. मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या आणि सतरंज्या अंथरल्या की बरंच कमी होतं. उरलेलं माणसं बसली की भागतं. साउंडवाल्याला एवढंच सांगायचं : इको बंद. नाट्यपदात शब्द कळलाच पाहिजे, आणि इको पहिल्यांदा शब्दच खातो. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवला तर माइक त्याचाच आवाज पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. बैठकीच्या स्टँडवरचा माइक ओठांपासून चार बोटं, तार सप्तकात मान जरा मागे.

(दृश्य : मुलं पाणी पितायत. एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसलाय.)

मळणीची धूळ आणि तूस या दिवसांत हवेतच असतात. त्यावर कोमट पाणी, तोंडाला रुमाल, यापलीकडे उपाय नाही. कोपऱ्यातल्या मुलाची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात त्याने काळी चारला पद बसवलं, दिवाळीपर्यंत आवाज फुटला. अशा गळ्याला जुन्या पट्टीत ओढायचं नसतं. पट्टी उतरवून, मध्य सप्तकातच फिरणारं छोटं पद द्यावं, तेही आज नको वाटलं तर हातात टाळ द्यावेत. तो आज टाळ वाजवणार आहे. चेहरा पडलेला आहे, पण लय पक्की आहे.

मोठ्या मुलांचा हट्ट निराळा असतो. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली', १९६७ सालचं. त्यातले खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले. त्यामुळे प्रत्येकाला त्यातलंच पद हवं, आणि पदापेक्षा त्यातल्या ताना. शिकाऊ गळ्याची तान समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत दोन मात्रा मागे पडते, मग तबलजीला तिला पदरात घ्यावं लागतं. वर्गाचा नियम असा की आधी पद बिनतानेचं, शब्द नीट, मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) चार वेळा अचूक समेवर. मग एक तान, आठ मात्रांची. लहान मुलींना देवलांच्या 'शारदा'तलं, १८९९ सालचं, पद शोभतं. नाटकातली शारदाही लहान मुलगीच आहे, म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेली. हे आधी दोन वाक्यांत सांगितलं की पद समजतं. प्रत्येक पदाआधी निवेदकाने फक्त एवढंच सांगायचं : कोण गातंय, कुणाला उद्देशून, कशासाठी. रागाची लक्षणं वर्गात.

(दृश्य : रात्र. सामुदायिक प्रार्थना संपलेली. मंडप भरलाय.)

पहिली मुलगी मुखड्यावरच अडते. पुढच्या रांगेतली म्हातारी विचारते, "काहून थांबली, बाई?" पेटीवाले सर काही बोलत नाहीत, नुसता षड्ज धरून ठेवतात. काका ठेका सोडत नाहीत. पुढच्या समेला ती उचलते.

शेवटची भैरवी सगळ्यांनी मिळून, काळी एकला. मुलं खालच्या सप्तकात, मुली वरच्या. पद तार रिषभाच्या (वरच्या 'रे'च्या) वर जात नाही ना, एवढं आधी तपासलं की पुरतं. मागून "वन्स मोर" येतो, भैरवी पुन्हा होते.

मग पेटीचा भाता मिटून खिट्टी लागते, तबल्यावर गवसणी चढते, सतरंज्या झटकल्या जातात. घंटेचं फडकं सोडायचं राहून जातं. पहाटे काकड्याला आलेला माणूस दोरी ओढतो, आवाज येत नाही, आणि तो वर बघतो.