चुलीच्या देवाचं तोंड गोड

नमस्कार श्रोतेहो. श्रावणात जिवतीचा कागद लावतो ना आपण? नरसिंह, कृष्ण, जिवती, बुध-बृहस्पती. पुढच्या श्रावणात नवा येतो, जुन्याची आठवणही राहत नाही. आज अशाच एका कागदाबद्दल बोलायचंय, फक्त तो चीनमधला.

चिनी नववर्षाला दारावर, स्वयंपाकघरात, अगदी पलंगाशीसुद्धा लाकडी ठशांनी छापलेली चित्रं चिकटवतात. नाव 'न्येनहुआ', म्हणजे वर्षाची चित्रं. नासपतीच्या लाकडावर रेघा कोरायच्या, शाई लावायची, कागद पसरून वरून काथ्याच्या ब्रशानं घासायचं. त्येनचिनजवळच्या यांगल्युछिंगला पुढचे रंग हातानं भरतात, सूचौला रंगागणिक वेगळा ठसा. कसबाचं एवढं पुरे, कारण मला गोष्ट सांगायचीय.

चुलीच्या देवाची. हे महाशय चुलीमागच्या भिंतीवर बहुधा बायकोसकट बसतात, डोक्यावर वर्षाचं पंचांग छापलेलं. काम एकच, बघत राहायचं. कुणी अन्न टाकलं, भांडण कुणी उकरून काढलं, सासू सुनेला काय बोलली. आणि बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी वर जाऊन स्वर्गाच्या सम्राटाला सगळं सांगायचं. आता घरातलाच माणूस चहाडी करणार म्हटल्यावर काय करायचं? घरचे त्याच्या ओठांना धान्याचा चिकट, गोड पाक फासतात! बोललास तर गोड बोल, नाहीतर दातांना दात चिकटून गप्प बस. आपलं तिळगुळाचंच, पण थेट देवाला. मग कागद भिंतीवरून सोलायचा आणि जाळायचा. धुराबरोबर स्वारी वर. घोड्यासाठी चारा-पाणी ठेवणारेही आहेत. आठवड्यानं, वर्ष संपताना, नवा कागद लागला की देव घरी परत. आणि हा कागद 'विकत घेतला' म्हणायचं नाही बरं का, 'बोलावून आणला' म्हणायचं. गणपती आणताना माझी आजी हेच बजावायची. हल्ली आपण मूर्ती 'बुक' करतो, ते कानाला टोचतं, पण असो.

तर हा जाळण्यासाठीच छापलेला कागद. पुन्हा सांगते, जाळण्यासाठीच छापलेला. तो जपणार कोण?

१९०७ साली वासिली अलेक्सेयेव हा रशियन तरुण, शावान या फ्रेंच अभ्यासकाबरोबर उत्तर चीन फिरला. जाईल तिथे ही स्वस्तातली चित्रं घेत सुटला, आणि चिनी पंतोजींकडून त्यांचे अर्थ लिहून घेतले. बाळाच्या कुशीत गलेलठ्ठ मासा का? तर मासाही 'यू' आणि शिल्लकही 'यू', म्हणजे घरात उरून पुरो. शिकलेल्या चिनी मंडळींना ही चित्रं गावंढळ वाटायची. त्यानं मात्र हजारोंनी जमवली. त्यातली बरीच आज सेंट पीटर्सबर्गला हर्मिटाज आणि धर्मेतिहासाच्या संग्रहालयात आहेत.

पुढे १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत चीनमध्ये ठसे फोडले, जाळले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लेखक फंग चीत्साय यांनी गावोगावची चित्रं नोंदवायला घेतली, तेव्हा रशियातल्या संग्रहाचा एक अख्खा खंड निघाला, बोरिस रिफ्तीन या रशियन पंडिताच्या मदतीनं. ज्यांनी जाळायचं, त्यांनाच ती चित्रं परक्याकडून पाहायला मिळाली.

मला राहून राहून त्या कपाटातल्या चुलीच्या देवांची गंमत वाटते. त्यांना कुणी जाळलंच नाही. १९०७ सालच्या त्या स्वयंपाकघरांचा अहवाल अजून त्यांच्यापाशीच आहे.