काठीच्या सावलीवरून गावाचे रेखांश

श्रोतेहो, नमस्कार.

सूर्य दिवसातल्या सगळ्यांत उंच जागी पोचतो, तो त्या गावचा मध्यान्ह. घड्याळात तो बाराच्या ठोक्याला होतो, अशी आपली समजूत असते. वर्षाची सरासरी काढली, तर मुंबईत तो १२ वाजून ३९ मिनिटांनी होतो, पुण्यात १२ वाजून ३५ मिनिटांनी आणि नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांनी. घड्याळं तिन्हीकडे बरोबर आहेत. फरक आहे रेखांशांचा.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. हा आकडा तेवढा लिहून घ्या: एक अंश, चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई तिच्या पश्चिमेला ९.६५ अंश आहे. चारने गुणा, ३९ मिनिटं येतात. नागपूर ३.४ अंश, म्हणून १४ मिनिटं.

शाळेत अक्षांश-रेखांश म्हणजे नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघा, एवढंच पाठ होतं. माझं ठाम मत आहे की रेखांश शिकवायचे तर मुलांच्या हातात घड्याळ द्यावं. अक्षांश नुसत्या आकाशाकडे पाहून काढता येतात. रेखांशांसाठी मात्र आपली स्थानिक वेळ आणि दुसऱ्या एखाद्या ठरलेल्या ठिकाणची वेळ, दोन्ही एकाच क्षणी माहीत असावी लागते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने डुलत्या जहाजावरही बिनचूक चालणारं घड्याळ बनवलं, त्याचं एवढं मोल झालं ते यामुळेच.

पूर्वी प्रत्येक मोठ्या गावाची वेळ वेगळी असे. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर ते चालेना. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य ठरली. त्याआधी शेकडो वर्षं आपल्याकडचे गणिती उज्जैनवरून जाणारी रेषा धरून हिशेब करत. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली आपली प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडला नाही.

गणिताने पाहिलं तर जगात १५-१५ अंशांचे २४ पट्टे हवेत. प्रत्यक्षात सीमा सरकारं ठरवतात. चीन ६० अंशांहून जास्त पसरलेला आहे, तरी तिथे वेळ एकच. नेपाळ आपल्यापुढे फक्त १५ मिनिटं. आपल्या देशाच्या दोन टोकांत २९ अंशांचं, म्हणजे जवळजवळ दोन तासांचं अंतर आहे. म्हणून आसामच्या चहामळ्यांत घड्याळ तासभर पुढे धरून काम करण्याची रीत आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. न्यूयॉर्क मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्यामागे साडेनऊ तास असतं, एरवी साडेदहा. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास, एरवी साडेपाच. दोघांच्या तारखा जुळत नाहीत. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा हिशेब हमखास चुकतो.

आता प्रयोग. आपल्या गावाचे रेखांश घरच्या घरी काढता येतात. त्यासाठी उत्तम दिवस २५ डिसेंबर, आणि त्याला कारण आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस २३.४ अंश कललेला, म्हणून सूर्याची वेळ घड्याळाच्या मानाने कधी पुढे, कधी मागे असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं लवकर येतो, फेब्रुवारीच्या मध्याआधी १४ मिनिटं उशिरा. २५ डिसेंबरच्या सुमारास हा फरक जवळपास शून्य असतो.

चार फूट बाय तीन फूट प्लायवूडची फळी घ्या. थेट गच्चीवर खुणा करू नका, कारण पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. फळी पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. दक्षिणेकडच्या कडेच्या मधोमध काठी उभी करा आणि तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवा. भोक फळीपासून बरोबर ५० सेंटीमीटर उंचीवर हवं. नुसत्या काठीच्या सावलीचं टोक धूसर पडतं, खूण कुठे करावी ते कळत नाही. भोकातून मात्र सूर्याचा सेंटीमीटरभर ठिपका पडतो आणि त्याचा मध्य नीट धरता येतो.

भोकातून ओळंबा सोडा. तो टेकेल तिथे मध्य धरून ५५, ६० आणि ६५ सेंटीमीटर त्रिज्येचे कंस उत्तरेकडे काढा. तीन अशासाठी, की एका वेळी ढग आला तर दुसरा कंस हाती राहतो. सकाळी ठिपका बाहेरून आत सरकतो, दुपारी आतून बाहेर जातो. प्रत्येक कंस ओलांडताना दोन्ही वेळा लिहा. वेळ फोनची घ्या, भिंतीवरच्या घड्याळाची नको.

समजा पुण्यात ६० च्या कंसावर ठिपका सकाळी १० वाजून ४१ मिनिटांनी आला आणि दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी गेला. दोन्हींचा मध्य १२ वाजून साडेचौतीस मिनिटं, तोच तुमचा मध्यान्ह. बारावरची साडेचौतीस मिनिटं चारने भागा: ८.६. ते ८२.५ मधून वजा करा: ७३.९ अंश पूर्व. पुण्याचे खरे रेखांश ७३.८६ आहेत.

चूक कुठे होते? मध्यान्हात एक मिनिट चुकलं की पाव अंश, म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर सुमारे २६ किलोमीटर. ओळंब्याची खूण पूर्वेला वा पश्चिमेला अर्धा सेंटीमीटर सरकली, तरी तेवढीच चूक पडते. आणि हाच प्रयोग नोव्हेंबरच्या सुरुवातीला करून १६ मिनिटांची दुरुस्ती विसरलात, तर रेखांश ७८ येतील, म्हणजे पुण्याऐवजी तुम्ही निजामाबादच्या जवळपास असल्याचं उत्तर मिळेल.

त्याच फळीवर अक्षांशही मिळतात. मध्यान्हाला ओळंब्याच्या खुणेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पुण्यात ते ४५ सेंटीमीटर भरेल. ४५ भागिले ५०, म्हणजे ०.९. फोनच्या गणकयंत्रात याचा व्यस्त टॅन काढा: ४२ अंश. सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंश असतो, तेवढे वजा करा: १८.६ अंश उत्तर. इथे अर्ध्या सेंटीमीटरची चूक ३५ किलोमीटरना पडते, तेव्हा मोजपट्टी मिलिमीटरपर्यंत वाचा.

उत्तर फोनच्या नकाशाशी ताडून पाहा. नकाशावर १८.५२ दिसलं, तर ते १८ अंश ५२ मिनिटं नव्हे. दशांश भागाला साठने गुणायचं: ०.५२ गुणिले ६०, म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं. या एका गफलतीने माणूस तब्बल ३९ किलोमीटर उत्तरेला जाऊन बसतो. आणि आधी अक्षांश, मग रेखांश हा क्रम पाळा. उलटा टाकला, तर पुण्याची खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उमटते.