बोटांखालची इंग्रजी

नमस्कार श्रोतेहो.

दृष्टिहीन मुलांच्या इंग्रजीच्या तासाला एका मुलीपुढे मी ब्रेलमधला एक शब्द ठेवला. सी, यू, पी. कप. तिनं बोट फिरवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, ‘चुप!’

तिनं अगदी बरोबर वाचलं होतं, फक्त मराठीत.

ब्रेलचे ठिपके सहाच. त्यांच्या ६३ रचना होतात. लुई ब्रेल यांनी ही लिपी १८२९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९५१ मध्ये आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल ठरली, तेव्हा जिथं उच्चार जुळला तिथं इंग्रजीचीच रचना घेतली. त्यामुळे मराठी ‘म’ आणि इंग्रजी ‘एम’ बोटाला एकसारखेच लागतात. ‘प’ आणि ‘पी’, ‘ल’ आणि ‘एल’, ‘स’ आणि ‘एस’ यांचंही तसंच. सी मात्र मराठीत ‘च’ आहे. व्यंजनापुढे आलेला यू म्हणजे उकार. झालं की ‘चुप’!

डोळस मुलाला इंग्रजीसाठी नवी अक्षरं गिरवावी लागतात. या मुलांच्या बोटांना त्यातली बरीचशी आधीच ठाऊक असतात. तरी आपण शिक्षक पहिल्याच दिवशी ‘मराठी विसरा’ म्हणतो. मला हे फार चुकीचं वाटतं. सुरुवात ‘पेन’ आणि ‘पिन’ पासून करा. हे शब्द दोन्ही भाषांत ठिपक्या-ठिपक्याला तेच आहेत. मुलाच्या हातात खरं पेन द्या, मग शब्द द्या. इंग्रजी आपल्याला येते, हे त्याला त्याच तासाला कळतं.

अडतं ते पुढे. मराठी ‘मन’ ब्रेलमध्ये दोनच अक्षरांत होतं, कारण ‘अ’ व्यंजनातच असतो. म्हणून इंग्रजी ‘सन’ (सूर्य) ऐकलं की मूल एस आणि एन एवढंच लिहितं. इंग्रजीत मधला स्वर लिहावाच लागतो, हे सावकाश, पुन्हा पुन्हा, बोट धरून सांगावं लागतं. संक्षिप्त ब्रेलची, म्हणजे शब्द आखडून लिहायच्या ब्रेलची, घाई तर नकोच. तिथं एकटा पी म्हणजे ‘पीपल’ आणि एकटा के म्हणजे ‘नॉलेज’.

‘आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, ब्रेल कशाला?’ असं पालक विचारतात. मोबाईल जरूर द्या. पण समुद्राचा ‘सी’ आणि पाहण्याचा ‘सी’ कानाला एकच. स्पेलिंगमधला फरक बोटालाच कळतो. ते सहा ठिपके तुम्हीही शिका, डोळ्यांनी वाचता येतात.

त्या मुलीच्या हातात मी चहाचा कप दिला. तिनं कपाचा कान चाचपला, कड चाचपली, पुन्हा शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, “बाई, सी जर क झाला, तर इंग्रजीत च कसा लिहायचा?”

दुसऱ्या दिवशी आम्ही सीच्या शेजारी एच ठेवला.